केस आधी, यंत्र नंतर: कुत्रा-मांजर असलेल्या घरासाठी व्हॅक्यूम क्लीनर निवडताना

व्हॅक्यूम क्लीनर घेऊन सहा महिन्यांत तो माळ्यावर टाकणाऱ्या घरांत खरेदीचा क्रम बहुधा उलटा लागलेला असतो. आधी किंमत ठरते, मग मोटरचे वॅट पाहिले जातात, मग सणाची सवलत गाठली जाते, आणि सोफ्यावरच्या केसांचा विषय यंत्र घरी आल्यावर निघतो. आमच्या नेरुळच्या घरी, एक लॅब्रेडॉर आणि एक गावठी मांजर असताना, आम्हीही हेच केले. १६०० वॅटचा ड्रमवाला व्हॅक्यूम क्लीनर आला, त्याने फरशीवरची वाळू उत्तम ओढली, सोफ्यावरचे केस मात्र जागचे हलले नाहीत. पुढील पायऱ्या त्या चुकीनंतर लावलेल्या क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या तीन पायऱ्यांसाठी दुकानात जाण्याची गरज नाही, आणि त्या पूर्ण केल्याशिवाय दुकानात जाऊही नये.

## पायरी १: आठवडाभर केसांचा हिशेब ठेवावा

सगळ्या प्राण्यांचे केस सारखे नसतात, आणि एकासाठी उत्तम ठरलेला ब्रश दुसऱ्यापुढे हात टेकतो. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड आणि आपल्याकडे सर्रास पॉमेरेनियन म्हणून ओळखला जाणारा स्पिट्झ यांच्या अंगावर दुहेरी आवरण असते: वर राठ केस आणि त्यांखाली मऊ लव. ही लव झडली की कापसासारखी गोळा होते आणि पंख्याच्या वाऱ्याने दिवाणाखाली व दारामागे जाऊन बसते. ती दिसायला भयंकर असली तरी ओढायला सोपी असते.

खरा त्रास देतात ते गावठी कुत्रा, पग आणि बीगल यांचे आखूड, ताठ केस, कारण ते सुईसारखे कापडाच्या विणीत घुसतात आणि नुसत्या हवेच्या ओढीने बाहेर येत नाहीत. पर्शियन मांजर आणि शिह त्झू यांचा प्रश्न तिसराच असतो. शिह त्झू झडतो कमी, पण जे लांब केस गळतात ते फिरत्या ब्रशभोवती दोऱ्याच्या रिळासारखे गुंडाळले जातात.

हिशेब ठेवण्याची रीत साधी आहे. आइस्क्रीमचा एक लिटरचा रिकामा डबा घ्यावा आणि रोजच्या झाडूचा केर, न दाबता, त्यात भरावा. आठवड्यात डबा किती वेळा भरला याची नोंद करावी. उभ्या कॉर्डलेस यंत्रांचा कचऱ्याचा डबा बहुधा अर्ध्या लिटरच्या आसपास असतो. आपला डबा रोज भरत असेल, तर तसे यंत्र प्रत्येक सफाईत दोनदा रिकामे करावे लागेल, आणि हे काम किती दिवस उत्साहाने होईल याचा विचार आताच केलेला बरा.

तपासणी: रबराचा हातमोजा किंचित ओला करून सोफ्यावर एकाच दिशेने फिरवावा. केस गोळा होऊन वर आले, तर ते कापडावर नुसते पडलेले आहेत. चार-पाच वेळा फिरवूनही टोके दिसत राहिली, तर ते विणीत घुसलेले आहेत आणि आपल्याला मोटर लावलेला फिरता ब्रश लागणारच.

इशारा: दुहेरी आवरणाच्या कुत्र्यांची झड ऋतू बदलताना वाढते. झड कमी असलेल्या आठवड्यात केलेल्या नोंदीवर डब्याचा आकार ठरवू नये.

## पायरी २: घर मोजावे

परदेशी परीक्षणे बहुतेक जाड गालिच्यावर केलेली असतात. ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांत व्हिट्रिफाइड टाइल, मोझॅक किंवा संगमरवर असतो, आणि गालिचा असलाच तर टीपॉयखालचा. फरशीवरचे केस उचलण्यासाठी फार ताकद लागत नाही. खरे काम असते ते सोफा, गादी, पायपुसणी, सतरंजी, पडद्यांची खालची कड आणि गाडीची मागची सीट येथे. म्हणून मोजमाप करताना फरशीच्या चौरस फुटांपेक्षा कापडाच्या पृष्ठभागांची यादी करावी आणि प्राणी रोज कुठे झोपतो त्या जागांवर खूण करावी.

घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्यांनी या यादीत बांधकामाची धूळ जोडावी. समोर टॉवर उभा राहत असेल, तर सिमेंटची बारीक पूड आणि केस मिळून नमद्यासारखा थर तयार होतो आणि फिल्टर अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर गच्च होतो. अशा घरात कोणता फिल्टर, किती वेळा धुवायचा आणि बदलायचा, हा प्रश्न ब्रशइतकाच महत्त्वाचा ठरतो.

आता मेजरिंग टेप घेऊन पुढील गोष्टी वहीत लिहाव्यात.

१. दिवाण, सोफा आणि कपाट यांच्या खालची मोकळी उंची. आपोआप फिरून सफाई करणारे आणि वाट ओळखण्यासाठी डोक्यावर लेझरचा मनोरा असलेले रोबो साधारण साडेनऊ-दहा सेंटिमीटर उंच असतात. त्याहून कमी जागा असेल, तर रोबो नेमका केसांच्या कोठाराबाहेर फिरत राहील.

२. खोल्यांच्या उंबऱ्यांची उंची. बहुतेक रोबो दोन सेंटिमीटरपर्यंतचा उंबरा चढतात. जुन्या सिडको घरांतील संगमरवरी किंवा कडाप्प्याचे उंबरे पुष्कळदा त्याहून उंच असतात.

३. विजेचे पॉइंट. साधा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो आणि २३० व्होल्टला त्याची मर्यादा ६ × २३०, म्हणजे १३८० वॅट एवढी होते. १६०० वॅटचे यंत्र सुमारे ७ अँपिअर ओढते, म्हणून त्याला १६ अँपिअरचा मोठा पॉवर पॉइंट हवा. जुन्या घरांत असे पॉइंट गीझर, स्वयंपाकघर आणि एसी एवढ्यापुरतेच असतात. तेथून दिवाणखान्याच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजून यंत्राच्या वायरीच्या लांबीशी ताडून पाहावे.

४. यंत्र ठेवण्याची जागा. माळा ही जागा नव्हे. जे यंत्र शिडी लावून उतरवावे लागते, ते रोज वापरले जात नाही.

या यादीत न मावणारी, पण सर्वांत जास्त विसरली जाणारी बाब म्हणजे यंत्र कोण चालवणार. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी तो ड्रम दोन दिवस खोल्याखोल्यांतून ओढला आणि तिसऱ्या दिवशी निमूटपणे झाडू हातात घेतला. त्यांचे चुकले असे आजही म्हणवत नाही. ड्रम, नळी, दांडा आणि वायर सांभाळत फिरणे हे अर्ध्या तासात तीन घरे उरकणाऱ्या माणसाचे काम नाही. घरातली आजी, शाळकरी मुलगा किंवा मावशी यांपैकी जो कोणी रोज यंत्र धरणार असेल, त्याला दुकानात बरोबर न्यावे.

## पायरी ३: प्रकार ठरवावा

येथे फार वेळ घालवण्याची गरज नसते, कारण पहिल्या दोन पायऱ्यांनी अर्धे पर्याय बाद केलेले असतात.

वायरचा आडवा, चाकांवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर ओढीला चांगला, पिशवीचा मिळाल्यास ॲलर्जीच्या घराला उत्तम, पण लहान खोल्यांत अडखळतो. ओले-कोरडे दोन्ही ओढणारा ड्रम गाडी, बाल्कनी आणि सांडलेले पाणी यांसाठी उपयोगी आहे. केसांसाठी तो घेतला जातो तो स्वस्त आणि मजबूत असतो म्हणून, आणि त्याबरोबर येणारा ब्रश बहुधा फिरणारा नसतो. उभा कॉर्डलेस भिंतीला टांगता येतो, दोन मिनिटांच्या कामासाठी हाताशी असतो, आणि केस रोज पडतात हे लक्षात घेतले, तर दोन खोल्यांच्या घरात माझी पहिली पसंती त्यालाच राहील. रोबो हा जोडीदार आहे. तो फरशीवरची लव रोज उचलेल, पण सोफ्यावर चढणार नाही.

इशारा: प्राणी अजून घरात शी-शू करत असेल, म्हणजे पिल्लू असेल किंवा म्हातारा झाला असेल, तर रोबो वेळ लावून एकटा चालू ठेवू नये. शी ओलांडून गेलेला रोबो ती साऱ्या घरभर सारवतो, आणि त्यानंतर चाके, ब्रश व सेन्सर साफ करताना आपण तो विकत का घेतला हेच आठवेनासे होते.

## पायरी ४: यंत्राचे तोंड निवडावे

निवड इथेच जिंकली किंवा हरली जाते. कापडात रुतलेला केस आधी खरवडून सैल करावा लागतो आणि मगच हवा त्याला उचलते. हे खरवडण्याचे काम मोटर करत नाही, जमिनीला किंवा कापडाला टेकणारे तोंड करते. म्हणून यंत्राच्या जाहिरातीत मोटरच्या पानाआधी जोडण्यांचे पान उघडावे.

तोंडांचे चार प्रकार ओळखता आले म्हणजे पुरे. पहिला, स्थिर ब्रश किंवा सपाट तोंड, ज्यात काहीच फिरत नाही. तो फरशीवरची धूळ आणि लव उचलतो, कापडावर मात्र निरुपयोगी ठरतो. दुसरा, हवेच्या झोताने फिरणारा टर्बो ब्रश. आत येणाऱ्या हवेवर त्याचे पाते फिरते, त्यामुळे तो हलका आणि स्वस्त असतो, पण कापडावर जोरात दाबला की फिरायचा थांबतो आणि यंत्राची थोडी ओढही खातो. तिसरा, स्वतःची छोटी मोटर असलेला फिरता ब्रश, ज्याच्यापर्यंत दांड्यातून वीज जाते. हा दाबला तरी फिरत राहतो. चौथा, मऊ लोकरी रोलर, जो टाइलवरची बारीक धूळ छान टिपतो पण कापडातला केस सैल करत नाही.

ज्यांच्या हातमोज्याच्या चाचणीत टोके दिसत राहिली, त्यांनी तिसऱ्या प्रकाराचा छोटा, हातात मावणारा ब्रश यंत्राबरोबर मिळतो का, हे पाहावे. मोठा मोटरवाला ब्रश फक्त फरशीसाठी असतो आणि सोफ्याच्या हातावर मावत नाही. पुष्कळ यंत्रांच्या जाहिरातीत मोटरवाला ब्रश असे मोठ्या अक्षरात असते, पण सोफ्यासाठी दिलेले तोंड साधे, स्थिर निघते. खोक्यावरच्या चित्रात प्रत्येक तोंडाजवळ वीज जोडणाऱ्या पितळी किंवा चांदीरंगी टोकांची जोडी शोधावी. ती नसेल, तर त्या तोंडाला स्वतःची मोटर नाही.

यानंतर गुंता. लांब केसांच्या घरांत रोलर आठवड्याभरात केसांच्या दोरीने आवळला जातो, त्याचे फिरणे मंदावते, आणि लोक ओढ कमी झाली असे समजून तक्रार करतात. काही रोलर एका टोकाला निमुळते असतात, ज्यामुळे केस त्या टोकाकडे सरकत जाऊन डब्यात ओढले जातात. काहींत रोलरला लागून फणीसारखे दाते असतात. दोन्ही उपाय उपयोगी आहेत, पण कोणताही रोलर गुंता शून्यावर आणत नाही. म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे: रोलर पेचकस न वापरता बाहेर निघतो का, आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगपर्यंत हात पोचतो का. केस शेवटी तेथेच जाऊन बसतात.

तपासणी: रोलर काढून, एका जागी कात्री फिरवून, परत बसवायला किती वेळ लागतो हे मोबाइलच्या घड्याळावर मोजावे. तीन मिनिटांच्या आत जमले तर ठीक. त्याहून जास्त लागत असेल, तर हे काम दुसऱ्या महिन्यापासून होणार नाही.

## पायरी ५: आकड्यांचा अर्थ लावावा

वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते, किती ओढते नव्हे. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर ९०० वॅटची कमाल मर्यादा घातली, आणि तेथील घरे अस्वच्छ झाली नाहीत. कंपन्यांना तोंड, नळी आणि हवेचा मार्ग सुधारावा लागला, इतकेच.

पास्कल किंवा किलोपास्कल हा आकडा दाबातील फरक सांगतो, आणि तो बहुधा तोंड पूर्ण बंद असताना मिळणारा सर्वाधिक आकडा असतो. सिरिंजचे टोक अंगठ्याने दाबून दट्ट्या मागे ओढावा, तसे ते असते: जोर भरपूर, आत काहीच येत नाही. केस वाहून न्यायला हवेचा प्रवाहही लागतो. एअर वॅट या आकड्यात दाब आणि प्रवाह दोन्ही धरलेले असतात, म्हणून तो दिलेला असेल तर दोन यंत्रांची तुलना त्यावर करावी. एका यंत्राचे पास्कल आणि दुसऱ्याचे वॅट समोरासमोर ठेवून काहीच ठरत नाही, तरी विक्रेते ते रोज ठेवतात.

कॉर्डलेसच्या बाबतीत बॅटरीचा वेळ वाचताना बारीक अक्षरे वाचावीत. साठ मिनिटे हा आकडा बहुधा सर्वांत मंद वेगावर आणि मोटरवाला ब्रश न लावता मिळतो. सोफ्यासाठी लागणाऱ्या सर्वांत जोरदार वेगावर तीच बॅटरी बहुतेकदा दहा-बारा मिनिटांत संपते. आपले कापडाचे काम किती मिनिटांचे आहे हे दुसऱ्या पायरीत केलेल्या कापडाच्या यादीवरून काढावे, आणि बॅटरी सुटी होऊन बदलता येते का हे त्याच वेळी पाहावे. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापराबरोबर घटतेच, आणि बॅटरी आत बंदिस्त असेल तर तिच्याबरोबर अख्खे यंत्र जाते.

## पायरी ६: फिल्टर आणि पिशवी

प्राण्यांची ॲलर्जी केसामुळे होते हा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात ती लाळ, त्वचेतील तैलग्रंथींचा स्राव आणि कोंडा यांतील प्रथिनांमुळे होते. मांजर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि तिचे सूक्ष्म कण हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. त्यामुळे केस उचलले पण मागून हवा गाळली गेली नाही, तर यंत्र हे कण जमिनीवरून उचलून नाकाच्या उंचीवर फेकते. सफाई झाल्यावर शिंका वाढतात अशी तक्रार असलेल्या घरांत हेच घडत असते.

हेपा हा शब्द खोक्यावर असणे पुरेसे नाही. अमेरिकी व्याख्येनुसार हेपा फिल्टरने ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवले पाहिजेत. युरोपीय वर्गवारीतील एच १३ वर्गासाठी, ज्या आकाराचे कण अडवणे सर्वांत कठीण असते त्यांच्यासाठी ९९.९५ टक्के ही मर्यादा आहे. टक्का आणि कणाचा आकार, किंवा वर्ग, यांपैकी काहीच न लिहिता हेपा टाइप किंवा हेपासारखा असे लिहिलेले असेल, तर तो साधा फिल्टर समजावा आणि त्याचे वेगळे पैसे देऊ नयेत.

फिल्टर उत्तम असून सांधे ढिले असतील, तर हवा सोपी वाट धरते. घरी आणल्यावर अंधाऱ्या खोलीत यंत्र चालवून मोबाइलचा टॉर्च तिरका धरावा आणि डब्याच्या झाकणापाशी व दांड्याच्या जोडांपाशी धूळ उडताना दिसते का ते पाहावे. दिसली, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करावे.

पिशवी की डबा, हा वाद माझ्या मते ॲलर्जीवर सोडवावा. घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, तर फेकून देण्याची बंद पिशवी चांगली, कारण ती रिकामी करताना काही उडत नाही. पिशव्यांचा वर्षाचा खर्च किमतीत धरावा. कोणालाच त्रास नसेल, तर डबा परवडतो. स्वस्त यंत्रांत येणारी, झटकून पुन्हा वापरायची कापडी पिशवी मात्र प्राण्यांच्या घरात टाळावीच, कारण झटकताना आठवड्याचा कोंडा तोंडावर येतो.

पावसाळा ही आपल्या भागातली अडचण कोणत्याही माहितीपत्रकात नसते. धुता येणारा फिल्टर पूर्ण वाळायला चोवीस तास द्यावेत असे लिहिलेले असते, आणि मे महिन्यात ते खरेही असते. जुलैत आमच्या बाल्कनीत तोच फिल्टर तिसऱ्या दिवशीही आतून दमट लागतो. ओलसर फिल्टर बसवला तर ओढ कमी होते, कुबट वास येतो आणि ओल मोटरपर्यंत जाऊ शकते. म्हणून दोन फिल्टर हवेत: एक यंत्रात, एक वाळत.

इशारा: धुता येतो असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर हेपा फिल्टर पाण्याखाली धरू नये. कागदी थर एकदा भिजला की त्याची गाळण्याची क्षमता परत येत नाही.

## पायरी ७: दुकानात स्वतःचे केस घेऊन जावे

वाशीचे सेक्टर १७ असो वा ठाण्याचा गोखले रोड, दुकानदार टाइलवर थर्माकोलचे मणी किंवा कागदाचे कपटे सांडून दाखवतो. ते कोणतेही यंत्र उचलते. आपण आपल्या प्राण्याचे विंचरलेले मूठभर केस पिशवीत आणि सोफ्याच्या कापडाचा एक जुना अभ्रा बरोबर न्यावा. केस अभ्र्यावर पसरून तळहाताने दाबून चोळावेत, म्हणजे ते विणीत बसतील, आणि मग सोफ्यासाठीचे तोंड पाच वेळा फिरवावे. दुकानदार थोडा हसेल, नंतर बाजूच्या गिऱ्हाइकाला तीच चाचणी करून दाखवेल.

चाचणी संपल्यावर डबा स्वतः रिकामा करावा. लव डब्याच्या मधल्या जाळीभोवती गच्च बसते आणि बोटांनी ओढून काढावी लागते की आपोआप खाली पडते, हे तेव्हाच कळते.

पैसे देण्यापूर्वी फिल्टर, रोलर, पिशवी आणि बॅटरी यांच्या सुट्या किमती लिहून घ्याव्यात, मोटर व बॅटरीच्या वॉरंटीच्या मुदती वेगवेगळ्या विचाराव्यात आणि सर्व्हिसचा माणूस आपल्या पिनकोडला घरी येतो की यंत्र आपण मुंबईत नेऊन द्यायचे, हे कंपनीच्या नंबरावर फोन करून खात्री करून घ्यावे. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. आमचा पहिला ड्रम बिघडला तेव्हा सर्व्हिस घरी मिळेल हे आश्वासन दुकानापुरतेच होते असे कळले.

ऑनलाइन घ्यायचे असेल, तर यंत्र प्रत्यक्ष पाहून मग घरी मागवावे आणि आल्या दिवशीच अभ्र्याची चाचणी करावी. खोके दहा दिवस जपून ठेवावे.

## पायरी ८: पहिले पंधरा दिवस आणि सफाईचा क्रम

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला आणि मांजराला ४०,००० हर्ट्झच्याही पलीकडचा. आपल्याला घरघर वाटणाऱ्या मोटरमध्ये त्यांना आणखी काय ऐकू येत असेल, याचा अंदाज त्यांच्या पळण्यावरूनच करावा. पहिले तीन-चार दिवस यंत्र बंद अवस्थेत खोलीत ठेवावे आणि त्याच्याजवळ खाऊ द्यावा. नंतर दुसऱ्या खोलीत, दार लावून, एक मिनिट चालवावे. प्राणी खात राहिला, तर दार उघडे ठेवावे, आणि मग सर्वांत मंद वेगावर त्याच्यापासून दूर सफाई सुरू करावी. यंत्राचा पाठलाग करून भुंकणाऱ्या कुत्र्याला हसून दाद देऊ नये. तो खेळ कायमचा लागतो.

रोजचा क्रम असा ठेवावा. प्राण्याला आधी बाथरूममध्ये विंचरावे, बाल्कनीत नव्हे, कारण खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात. पंखा बंद करावा. सोफा आणि गादी आधी, फरशी नंतर, आणि लादी पुसणे सर्वांत शेवटी. मावशी आधी लादी पुसून गेल्या आणि मग यंत्र चालवले, तर ओले केस फरशीला चिकटतात, रोलरवर लगदा होतो आणि डब्यात ओल्या कुत्र्याचा वास धरतो. यासाठी मावशींच्या वेळेच्या अर्धा तास आधी यंत्र चालवावे, नाहीतर क्रम त्यांना एकदा नीट समजावून सांगावा.

पिसवा झाल्या असतील, तर सफाई रोज करावी, कारण त्यांची अंडी प्राण्याच्या अंगावरून गादीत आणि फटींत गळतात, आणि यंत्राच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवाही बाहेर पडतात. डबा लगेच घराबाहेर रिकामा करून पिशवीला गाठ मारावी. प्राण्यावरचे औषध पशुवैद्याकडूनच घ्यावे. डब्यात डांबरगोळ्या किंवा पिसवांची पावडर टाकण्याचा सल्ला मिळतो, तो मानू नये. त्यांची वाफ आणि भुकटी यंत्र घरभर पसरवते, आणि परमेथ्रीनसारखी द्रव्ये मांजरांना विषारी असतात.

इशारा, काय ओढू नये: रांगोळी, उदबत्तीची राख, भिंतीला ड्रिल केल्यावरची पूड, गादीवर भुरभुरलेला खाण्याचा सोडा आणि गणपतीतली ओली फुले-दूर्वा. बारीक पूड फिल्टरची छिद्रे बुजवते. मांजराच्या शौचाची बेंटोनाइट वाळू तर ओल लागताच सिमेंटसारखी घट्ट होते, म्हणून ती सुपलीनेच भरावी. शू सुक्या यंत्राने कधीच ओढू नये. ओले-कोरडे यंत्र असेल, तर कागदी फिल्टर काढून फोमचा बसवल्यावरच ओढावी आणि टाकी त्याच दिवशी धुवावी.

## पायरी ९: निगा

डबा प्रत्येक सफाईनंतर, तो दोन तृतीयांश भरण्याआधी रिकामा करावा. रोलरवरची केसांची दोरी आठवड्यातून एकदा शिवणाच्या उसवणीने किंवा छोट्या कात्रीने, ब्रशच्या ओळींमधल्या खाचेतून कापावी, आणि दोन्ही टोकांचे बेअरिंग टोकेरी चिमट्याने मोकळे करावे. ओढ एकाएकी कमी झाली, तर मोटरवर संशय घेण्याआधी नळीतून टॉर्चचा प्रकाश आरपार दिसतो का पाहावे. कुत्र्याच्या खेळण्याचा तुकडा किंवा मोजा बहुधा दांड्याच्या वाकणात सापडतो.

बॅटरी फुगलेली दिसली किंवा चार्जिंगला नको तितकी तापू लागली, तर वापर थांबवावा. ती सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्या संकलकाकडेच द्यावी.

फिल्टर झड जास्त असताना पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने धुवावा. दोन्ही फिल्टरांच्या कडेवर न पुसणाऱ्या पेनाने १ आणि २ असे लिहून, कोणता कधी धुतला ही तारीख फ्रिजवरच्या कॅलेंडरवर टाकावी. पावसाळ्यात धुतलेला फिल्टर नाकाशी धरून वास घ्यावा आणि कोरड्या टिश्यूवर दाबून पाहावा. टिश्यूवर ओल उमटली, तर तो आणखी एक दिवस पंख्याखाली राहू द्यावा आणि दुसरा फिल्टर बसवून काम चालवावे.